राज्य विद्यापीठाने संशोधन उत्कृष्टतेच्या निधीसाठी स्पर्धेत उतरताना प्रस्तावात काय मांडावे?

मृगनक्षत्र (प्रश्न)

नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक आहे. केंद्राच्या संशोधन निधीसाठी आमच्या विद्यापीठाचा संस्थात्मक प्रस्ताव तयार होत असून त्यातील ‘संशोधनातील उत्कृष्टता’ या प्रकरणाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पहिल्याच बैठकीत मसुद्याचा जो सांगाडा हाती ठेवण्यात आला, त्यात आठ नव्या केंद्रांची नावे आधीच लिहिलेली होती. क्वांटम तंत्रज्ञान, हरित हायड्रोजन, कृत्रिम बुद्धिमत्ता, भारतीय ज्ञान परंपरा असे जे जे विषय सध्या दिल्लीच्या परिपत्रकांत दिसतात, ते सगळे त्यात होते. यांतल्या काही विषयांत आमच्याकडे आज एकही पूर्णवेळ शिक्षक नाही. माझ्याच विभागातील मंजूर पदांपैकी निम्मीसुद्धा भरलेली नाहीत आणि एमएस्सीच्या बऱ्याच तासिका सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेले सहकारी घेतात. हे मी बैठकीत बोलून दाखवले, तेव्हा ‘पदांचा विषय शासनाचा आहे, तो या प्रस्तावात आणू नये’ असे उत्तर मिळाले.

त्यानंतर मी मागच्या मोठ्या स्पर्धेचा निकाल पुन्हा काढून वाचला. ‘इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स’ ही योजना २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, २०१७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे नियम काढले, दहा सार्वजनिक व दहा खासगी संस्था निवडायचे ठरले आणि निवडलेल्या सार्वजनिक संस्थेला पाच वर्षांत १,००० कोटी रुपयांपर्यंत निधी देण्याचे कबूल करण्यात आले. शंभरहून अधिक अर्ज आले. २०१८ आणि २०१९ अशा दोन टप्प्यांत मिळून शेवटी ज्या आठ सार्वजनिक संस्थांना हा दर्जा मिळाला, त्या म्हणजे बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटी, दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ. आठही संस्था केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या आहेत. राज्य विद्यापीठ त्यांत एकही नाही. पुणे नाही, मुंबई नाही, जादवपूर किंवा अण्णा विद्यापीठही नाही.

माझा प्रश्न असा की, राज्य विद्यापीठे या स्पर्धेत गुणवत्तेवर मागे पडतात, की स्पर्धेची रचनाच अशी आहे की त्यांचा निभाव लागू नये? आणि रचनाच तशी असेल, तर प्रस्तावात रिक्त पदांची गोष्ट लपवावी, की तीच आधी मांडावी? ज्यांनी असे प्रस्ताव लिहिले, तपासले किंवा त्यांचा हिशेब ठेवला आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.


जुना रसायनी (प्रतिसाद)

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे आणि त्याचे अर्धे उत्तर आपल्याला बैठकीतच मिळालेले आहे. ‘पदांचा विषय शासनाचा आहे’ हे वाक्य मी नोकरीतील सगळ्या वर्षांत ऐकले. ते खरे आहे, म्हणूनच तो विषय प्रस्तावात आला पाहिजे.

जादवपूर आणि अण्णा या दोन विद्यापीठांचे काय झाले ते नीट पाहावे. निवृत्त मुख्य निवडणूक आयुक्त एन. गोपालस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने दोघांचीही शिफारस केली होती. म्हणजे गुणवत्तेची पायरी त्यांनी ओलांडली होती. अट एवढीच होती की, केंद्र आपला वाटा देईल आणि आराखड्यातील उरलेला खर्च राज्य सरकारने उचलण्याची लेखी हमी द्यावी. पश्चिम बंगालकडून ती हमी आली नाही. जादवपूरने मग आपला आराखडा पुन्हा पुन्हा छाटून ६०६ कोटींपर्यंत खाली आणला, तरी गाडे पुढे सरकले नाही. तमिळनाडूत वेगळेच घडले. या दर्जामुळे राज्याच्या ६९ टक्के आरक्षणाला धक्का लागेल का, विद्यापीठावरचा राज्याचा ताबा सुटेल का, अशा शंका तिथे निघाल्या. अशातच २०२० मध्ये कुलगुरूंनी ‘राज्याचा वाटा विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातून उभा करू शकते’ असे परस्पर केंद्राला कळवले. त्यावरून सरकार आणि कुलगुरू यांच्यात जाहीर वाद पेटला आणि त्याच वर्षी राज्याने हा दर्जा नको असल्याचे सांगून टाकले. देशातल्या राज्य विद्यापीठांच्या क्रमवारीत पहिल्या दोन जागा आपसात वाटून घेणारी ही विद्यापीठे आहेत. २०२४ मध्ये एनआयआरएफने, म्हणजे केंद्राच्या शिक्षणसंस्था क्रमवारीने, राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा स्वतंत्र गट प्रथमच काढला, तेव्हा अण्णा पहिले, जादवपूर दुसरे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिसरे होते. त्यांची ही गत, तर आपल्या विद्यापीठाने राज्याचे नाव न घेता प्रस्ताव पाठवून काय साधणार?

पुण्याचा दाखला आणखी बोलका आहे. ‘युनिव्हर्सिटी विथ पोटेन्शियल फॉर एक्सलन्स’ ही आयोगाची जुनी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच विद्यापीठांत जवाहरलाल नेहरू, हैदराबाद, मद्रास आणि जादवपूर यांच्याबरोबर पुणे होते. त्या पाचांतले हैदराबाद पुढे नव्या योजनेत आले, कारण ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि त्याच्या वाट्याच्या हमीसाठी कोणत्याही राज्याच्या मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. मी पुण्याचा कैवार घेत नाही. तिथेही घसरणीची कारणे घरचीच बरीच आहेत. २०२५ मध्ये राज्य विद्यापीठांच्या त्याच गटात पुणे तिसऱ्यावरून अकराव्या क्रमांकावर गेले, याचे खापर केंद्रावर फोडता येणार नाही.

आता जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या आठ केंद्रांच्या यादीशी तिचा थेट संबंध आहे. आमच्या विद्यापीठाला (नाव सांगत नाही) एका पंचवार्षिक अनुदानातून चारशे मेगाहर्ट्झचे एनएमआर यंत्र (रेणूंची रचना तपासणारे) मिळाले. उद्घाटन झाले, फीत कापली, स्थानिक वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. या यंत्रातील अतिवाहक चुंबक द्रव हेलियममध्ये बुडालेला असतो, त्याभोवती द्रव नायट्रोजनचे कवच असते. नायट्रोजन दर आठवड्याला आणि हेलियम काही महिन्यांनी भरावाच लागतो, यंत्र वापरा किंवा वापरू नका. वॉरंटी होती तोवर सारे सुरळीत चालले. अनुदानाची मुदत संपल्यावर देखभाल करारासाठी अर्थसंकल्पात शीर्षच नव्हते. हेलियमची मागणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली आणि एका दिवाळीच्या सुट्टीत चुंबक क्वेंच झाला, म्हणजे उरलासुरला हेलियम एका झटक्यात वाफ होऊन निघून गेला. तो पुन्हा चालू करायला कंपनीचा अभियंता हवा, नवा हेलियम हवा आणि लाखांत जाणारे देयक मंजूर व्हायला हवे. ते व्हायला इतका काळ गेला की, तोवर आमचे विद्यार्थी काचेच्या नळ्यांत नमुने भरून रात्रीच्या एसटीने दुसऱ्या शहरातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जात होते. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पदही प्रकल्पापुरतेच होते. तो मुलगा हुशार होता. आता एका औषध कंपनीत आहे.

तेव्हा आठ केंद्रांचा सांगाडा बाजूला ठेवून आपण एकच तक्ता करावा. आज विद्यापीठात असलेले प्रत्येक मोठे यंत्र, ते चालवणारी व्यक्ती कायम आहे की कंत्राटी, देखभालीचा करार कधीपर्यंत आहे आणि मागच्या वर्षी यंत्र किती दिवस बंद होते. हा तक्ता प्रस्तावात जोडता आला नाही, तरी समितीपुढे ठेवता येईल, आणि तो पाहिल्यावर नवव्या केंद्राची सूचना कोणी करणार नाही असे वाटते.


सातमजली (प्रतिसाद)

जुना रसायनी यांच्या अनुभवाबद्दल आदर राखून मी थोडा वेगळा सूर लावतो. मी आयआयटीत नाही, केंद्रीय विद्यापीठातही नाही, पण निधी देणाऱ्या संस्थांच्या तज्ज्ञ समित्यांवर प्रस्ताव तपासण्याचे काम केले आहे. राज्य सरकार हात आखडता घेते हे खरे असले, तरी आमच्याकडे येणारे राज्य विद्यापीठांचे बहुतेक प्रस्ताव राज्याच्या वाट्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाद होतात आणि त्याला कारण त्यांचे लिखाण असते.

पहिल्या पानावर स्थापनेचे वर्ष, परिसराचे एकर, संलग्न महाविद्यालयांची संख्या आणि बोधवाक्य. पुढे आपण म्हणता तशी केंद्रांची माळ. प्रत्येक केंद्रासाठी समान रक्कम, कारण कोणत्याही विभागप्रमुखाला नाराज करायचे नसते. मग शोधनिबंधांची एकूण संख्या. तपासणाऱ्याला यातून एवढेच कळते की, या विद्यापीठाने आपल्यातल्या कोणत्या दोन गटांवर पैज लावायची हे ठरवलेले नाही. ज्या संस्थेला स्वतःच्या घरात निवड करता येत नाही, तिला देशाने का निवडावे? हे कठोर वाटेल, पण निधी थोडाच असेल तर तो सगळ्यांत समान वाटला जाऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. समान वाटपाने प्रत्येक विभागाला दोन संगणक आणि एक चर्चासत्र मिळते, संशोधन मिळत नाही.

निबंधांच्या संख्येबद्दल स्पष्टच लिहितो. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, पुणे विद्यापीठातूनच, आयोगाच्या तत्कालीन मान्य यादीतील नियतकालिकांची छाननी केली होती. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांपैकी ८८ टक्के निकृष्ट किंवा संशयास्पद निघाली. त्यातूनच पुढे ‘केअर’ ही निवडक नियतकालिकांची यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही मागे घेऊन जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली. २०२५ च्या एनआयआरएफमध्ये मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापले जाऊ लागले. तेव्हा आपल्या प्रकरणात ‘पाच वर्षांत इतके हजार निबंध’ असे वाक्य असेल तर ते काढा, आणि त्या जागी दहा निबंध निवडून प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहा: प्रश्न कोणता होता, काय सापडले, ते नंतर कोणी वापरले. दहा निघत नसतील तर सहा लिहा.

राज्य विद्यापीठांसाठी आता दार पूर्वीपेक्षा थोडे जास्त उघडे आहे, हेही नोंदवले पाहिजे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला, पुढच्या वर्षी प्रतिष्ठान अस्तित्वात आले आणि त्याने ‘पेअर’ ही योजना काढली. तिच्यात एक पुढारलेली संस्था मध्यवर्ती असते, तिच्याशी अनेक विद्यापीठे आऱ्यांसारखी जोडलेली असतात आणि अशा एका जाळ्याला १०० कोटी रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. यातल्या आऱ्या म्हणून राज्य विद्यापीठांना जागा आहे. नीती आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार देशातील ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्य विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात, त्यामुळे केंद्रालाही त्यांना कायमचे बाहेर ठेवणे परवडणारे नाही. मात्र या योजनेत विचारला जाणारा प्रश्न फार साधा आहे: तुमच्या कोणत्या प्राध्यापकाने मध्यवर्ती संस्थेतल्या कोणाबरोबर आधी काम केले आहे? तिथे आठ केंद्रे कामाला येत नाहीत.


ऱ्हाईनकाठ (प्रतिसाद)

मी पुणे विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असून सध्या नैर्ऋत्य जर्मनीत काम करतो. इथे ही स्पर्धा वीस वर्षे चालू आहे, त्यामुळे तिचे गुण आणि दुखणी दोन्ही उघडी पडली आहेत. आपल्या प्रश्नाच्या ‘रचना’ या भागापुरते लिहितो.

जर्मनीत विद्यापीठे राज्यांची असतात, आपल्यासारखीच. तरीही २००५ मध्ये केंद्र आणि राज्ये यांनी एकत्र करार करून ही स्पर्धा सुरू केली. आजच्या ‘उत्कृष्टता धोरणा’त सर्वसाधारणपणे ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के त्या त्या राज्याचा असतो, आणि राज्याचा हा वाटा स्पर्धेच्या आधीच करारात बांधलेला असतो. निवड झाल्यावर विद्यापीठाने राज्याच्या मागे हमीसाठी फिरायचे, हा प्रकार नाही. जादवपूरची कथा इथे घडू शकत नाही ती या एका तरतुदीमुळे. निवडही सरकारी विभाग एकट्याने करत नाही. जर्मन संशोधन संघ आणि विज्ञान परिषद परदेशी तज्ज्ञांकडून छाननी करून घेतात. आधी ठरावीक विषयांवरचे संशोधन समूह निवडले जातात आणि किमान दोन समूह मिळवणाऱ्या विद्यापीठालाच ‘उत्कृष्ट विद्यापीठ’ या दर्जासाठी अर्ज करता येतो. सातमजली यांचा ‘घरातली निवड’ हा मुद्दा इथे नियमातच आहे: आधी काम दाखवा, मग संस्थेचे नाव.

दर्जा कायमचा नसतो. कार्ल्सरूहच्या विद्यापीठाला तो २००६ च्या पहिल्याच फेरीत म्युनिकच्या दोन विद्यापीठांबरोबर मिळाला, २०१२ मध्ये गेला आणि २०१९ मध्ये परत मिळाला. फ्रायबुर्ग आणि गटिंगन यांनी २०१२ मध्ये गमावला, तो २०१९ च्या फेरीतही त्यांना परत मिळाला नाही. गटिंगन म्हणजे गाउस, रीमान, हिल्बर्ट या गणितज्ञांचे गाव. इतिहासाला गुण नसतात, हे आपल्याकडच्या ‘स्थापनेचे वर्ष’वाल्या पहिल्या पानासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कार्ल्सरूहबद्दल आणखी एक. तिथे राज्याचे विद्यापीठ आणि केंद्राची मोठी संशोधन संस्था शेजारी शेजारी असूनही वेगळ्या होत्या. उत्कृष्टता स्पर्धेतल्या प्रस्तावातूनच त्यांच्या एकत्रीकरणाची कल्पना पुढे आली आणि २००९ मध्ये दोन्ही मिळून एक संस्था झाली. हे वाचताना मला प्रत्येक वेळी गणेशखिंड आठवते. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, सी-डॅक आहे. पलीकडे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहे. एवढे शास्त्रज्ञ एका सायकलफेरीत भेटावेत अशी जागा देशात फार थोडी. पण प्रत्येकाचा निधी वेगळा, भरती वेगळी, पदव्यासुद्धा बऱ्याच अंशी वेगळ्या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले विद्यार्थी पूर्वी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. घेत, ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआर या परिषदेची स्वतःची अकादमी स्थापन झाल्यावर ते तिकडे वळले. स्वातंत्र्यानंतर आपण संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा काढल्या आणि विद्यापीठांकडे परीक्षा घेण्याचे काम उरले. आता त्याच विद्यापीठांना विचारतो की तुमचे संशोधन कुठे आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यांनीच आधी सोडवायला हवा होता, असे माझे मत आहे.

मृगनक्षत्र यांचे विद्यापीठ पुण्याबाहेरचे दिसते. तरी त्यांच्या शंभर किलोमीटरच्या परिघात कृषी विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय किंवा एखादी केंद्रीय प्रयोगशाळा असणारच. संयुक्त मार्गदर्शन, यंत्रांचा सामायिक वापर, दोन्हीकडे नेमणूक असलेला एखादा प्राध्यापक, असे काही कागदावर आधीच उतरलेले असेल तर ते आठ केंद्रांपेक्षा वजनदार ठरेल.

इथले सगळे आलबेल आहे असे समजू नका. संशोधन समूहांचा पैसा सात वर्षांचा, त्यामुळे नेमणुकाही मुदतीच्या. जर्मनीत तरुण संशोधकांची मुदतीच्या करारांवर चाललेली फरफट हा २०२१ मध्ये मोठ्या निषेधाचा विषय झाला होता. सीएचबीवरच्या आपल्या मित्रांना ती भाषा लगेच समजली असती.


अपूर्ण प्रबंध (प्रतिसाद)

मी एका राज्य विद्यापीठात पीएच.डी. करत आहे. वरच्या सर्व प्रतिसादांत यंत्रे आहेत, प्राध्यापक आहेत, सरकारे आहेत; प्रयोग करणारे फारसे नाहीत, म्हणून दोन गोष्टी लिहितो. ज्यांना राष्ट्रीय स्तरावरची कनिष्ठ शिष्यवृत्ती आहे त्यांना २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. आमच्या विभागात त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर, कोणतीही शिष्यवृत्ती नसलेले विद्यार्थी काम करतात आणि संध्याकाळी शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे भरतात. कृपया आपल्या प्रस्तावात ‘संशोधक विद्यार्थ्यांची संख्या’ लिहिताना त्यांतल्या किती जणांना नियमित पैसे मिळतात, हा रकाना घाला. दुसरे असे की, प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरी अनेक विभागांत ती तोंडी चालूच आहे आणि सातमजली सरांनी ज्या निकृष्ट नियतकालिकांचा उल्लेख केला, त्यांचा गल्ला त्यातूनच भरतो.


मृगनक्षत्र (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद)

सर्वांचे आभार. सातमजली सर, निवड करायला हवी हे मला पटते, मात्र निवड कोणी करायची यावर आमचे घोडे अडणार आहे. ज्या गटाचे नाव वगळले जाईल तो विद्या परिषदेत प्रस्तावच अडवेल. ऱ्हाईनकाठ, आमच्यापासून दीड तासावर एक राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि आमच्या एका सहकारी मॅडम तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर अनेक वर्षे काम करत आहेत; पण त्यासाठी कोणताही सामंजस्य करार नाही, सगळे ओळखीवर चालते. तो करार आधी करून घेण्याचा प्रयत्न करतो. जुन्या रसायनी सरांनी सांगितलेला यंत्रांचा तक्ता आमच्या विभागापुरता करायला घेतला आहे, आणि नुसत्या भौतिकशास्त्रातच बंद यंत्रे चालू यंत्रांपेक्षा जास्त भरतील अशी चिन्हे आहेत.

आता एक व्यावहारिक अडचण राहते. पदांचा विषय प्रस्तावात आणायचा तर तो कोणत्या रूपात? ‘शासनाने पदे भरावीत’ असे लिहिले तर ते गाऱ्हाणे वाटेल आणि कुलसचिव कार्यालयातून परत येईल.


ताळेबंद (प्रतिसाद)

मी एका विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात काम केले आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन असे वाटते.

गाऱ्हाणे लिहू नका, जोडपत्र लिहा. प्रस्तावाला राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे पत्र जोडण्याची मागणी करा आणि त्या पत्राचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या. त्यात तीनच बाबी असू द्या. निवडलेल्या दोन गटांशी संबंधित विभागांतील मंजूर पदांपैकी रिक्त पदे कोणत्या मुदतीत भरली जातील. अनुदानाची मुदत संपल्यावर त्यातून निर्माण झालेली तांत्रिक पदे कोणत्या लेखाशीर्षाखाली चालतील. आणि राज्याचा वाटा असल्यास तो कोणत्या हप्त्याने येईल. सर्व रिक्त पदांची मागणी केली तर प्रस्ताव वित्त विभागाच्या फायलींत हरवेल. सहा-सात पदांची, नावानिशी आणि विषयानिशी केलेली मागणी टेबलावर टिकते. पत्र मिळाले तर प्रस्ताव भक्कम झाला. मिळाले नाही तर निदान समितीला आणि कुलगुरूंना आधीच कळेल की पुढे काय वाढून ठेवले आहे. जादवपूरला ते शिफारस झाल्यावर कळले.

पैशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण संशोधक हा भाग नेहमी शेवटच्या रात्री भरतात. केंद्राच्या अनुदानाचा पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतील (जीएफआर) १२-ए या नमुन्यावर अवलंबून असतो. हप्ता फेब्रुवारीत आला आणि निविदा मार्चमध्ये निघाली, तर ३१ मार्चला खर्च शून्य दिसतो आणि पुढचा हप्ता लांबतो. त्यातून जी घाई होते, तिच्यात नको ती यंत्रे खरेदी होतात. जुन्या रसायनी सरांच्या एनएमआरची खरेदी कोणत्या महिन्यात झाली असेल याचा मी अंदाज करू शकतो. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम बरेच सैल केले, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून विशेष उपकरणे घेण्याचे अधिकार संस्थाप्रमुखांना दिले आणि कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. राज्य विद्यापीठ मात्र आपल्या लेखासंहितेने आणि राज्याच्या खरेदी धोरणाने बांधलेले असते. केंद्राचा पैसा आणि राज्याचे नियम अशा कात्रीत तुमची पहिली दोन वर्षे जाऊ नयेत म्हणून, प्रकल्पासाठी स्वतंत्र खरेदी समिती आणि तिचे अधिकार व्यवस्थापन परिषदेकडून आधीच मंजूर करून घ्या. ठरावाचा क्रमांक प्रस्तावात लिहा. तपासणारा तज्ज्ञ तो क्रमांक वाचतो की नाही हे सातमजली सर सांगतील. निधी सोडणारा अधिकारी नक्की वाचतो.

अंदाजपत्रकात प्रत्येक यंत्रासमोर किमतीच्या शेजारी दुसरा रकाना घाला: वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांची देखभाल, वायू, वीज आणि माणूस. ही रक्कम अनुदानातून मिळत नसेल तर ती विद्यापीठ निधीतून देण्याचा ठराव जोडा. माझा अनुभव असा की, हा दुसरा रकाना भरायला सांगितला की केंद्रांची संख्या आपोआप कमी होते आणि कोणाचेही नाव वगळावे लागत नाही. विभागप्रमुख स्वतःहून माघार घेतात. विद्या परिषदेतली आपली अडचणही बहुधा त्यातूनच सुटेल.

करारासाठी मात्र थांबू नका. सामंजस्य करार विधी अधिकाऱ्याकडे जाऊन परत यायला वेळ लागतो आणि समोरच्या केंद्रीय संस्थेलाही आपल्या मुख्यालयाची परवानगी घ्यावी लागते. मॅडमना या आठवड्यातच त्या शास्त्रज्ञांकडून संयुक्त कामाची यादी आणि त्यांच्या संचालकांचे संमतिपत्र मागवायला सांगा. ते एका पानाचे असले तरी चालते.